अँपचा आवाज बदलायचाय? आधी पहिली ट्यूब बदलून बघा

गिटारवाल्यांच्या गप्पांत प्रीअँप ट्यूबचा, म्हणजे अँपमध्ये गिटारचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या छोट्या काचेच्या ट्यूबचा, विषय निघाला की हमखास दोन पक्ष पडतात. एका पक्षाला वाटतं, अमुक कंपनीची जुनी ट्यूब बसवली की अँपचं सोनं होतं. दुसऱ्याच्या मते हे सगळं थोतांड, पैसे गेले की कानाला फरक ऐकू यायलाच लागतो. भांडण मिटत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एका कंपनीची ट्यूब काढून त्याच जातीची दुसऱ्या कंपनीची बसवली, तर फरक बारीक असतो. कधी जाणवतो, कधी नाही. पण जातच बदलली, म्हणजे जास्त गेनची (सिग्नल जास्त पट मोठा करणारी) काढून कमी गेनची लावली, तर फरक शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतो. अर्थात ती योग्य सॉकेटमध्ये लावली असेल तर.

हा लेख जात बदलण्याबद्दल आहे. त्याला सोल्डरिंग लागत नाही, चासी, म्हणजे आतलं सर्किट असलेली पत्र्याची पेटी, उघडावी लागत नाही आणि आवडलं नाही तर थोड्या वेळात अँप पूर्ववत होतो. उदाहरणासाठी फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब घेतो. १९६३ साली आलेला हा २२ वॉटचा अँप आजही बनतो आणि त्यात प्रत्येक ट्यूबचं काम इतकं वेगळं आहे की एकदा हा समजला, की बाकीच्या अँपचे नकाशे वाचणं सोपं जातं.

आधी जागा ओळखा

डिलक्स रिव्हर्बच्या मागे उभे राहा. चासी वर, ट्यूब खाली लटकलेल्या. उजव्या टोकाला, म्हणजे गिटारची वायर लागते त्या बाजूला, पहिली छोटी ट्यूब. तिथून डावीकडे दुसरी, तिसरी अशा सहा छोट्या. त्यापलीकडे स्पीकरला ताकद देणाऱ्या दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब आणि सर्वांत शेवटी एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर.

पहिली ट्यूब नॉर्मल चॅनलची. दुसरी व्हायब्रॅटो चॅनलची. तिसरी रिव्हर्बच्या (घुमणाऱ्या प्रतिध्वनीच्या) स्प्रिंग हलवते, चौथी स्प्रिंगमधून परत आलेला क्षीण आवाज उचलून मूळ आवाजात मिसळते. पाचवी ट्रेमोलोची, म्हणजे आवाज लयीत लहानमोठा करणारी. सहावी फेज इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करून दोन पॉवर ट्यूबना वाटून देणारी. तिसरी आणि सहावी या १२एटी७ जातीच्या, बाकी चारही १२एएक्स७ जातीच्या.

आता गंमत बघा. इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं, ‘पहिली ट्यूब बदला’. माणूस आज्ञाधारकपणे उजवीकडची पहिली ट्यूब बदलतो, वायर मात्र नेहमीप्रमाणे व्हायब्रॅटो चॅनलला लावतो, कारण रिव्हर्ब त्याच चॅनलला आहे. मग अर्धा तास कान देऊन ऐकतो आणि ‘थोडा उबदार वाटतोय’ असं ठरवतो. बदललेल्या ट्यूबमधून त्याचा सिग्नल गेलेलाच नसतो! पहिली म्हणजे रांगेतली पहिली नव्हे, तुमच्या सिग्नलच्या वाटेवरची पहिली. डिलक्स रिव्हर्बमध्ये बहुतेकांसाठी ती दुसऱ्या सॉकेटमध्ये असते. नॉर्मल चॅनल वापरतच नसाल तर पहिली ट्यूब काढून ठेवली तरी चालते; आयती एक सुटी १२एएक्स७ हाताशी राहते.

तुमचा अँप वेगळा असेल तर आतल्या बाजूला चिकटवलेला ट्यूबचा तक्ता बघा किंवा कंपनीच्या मॅन्युअलमधला नकाशा काढा. फेंडरच्याच ब्लूज ज्युनिअरमध्ये तीनच छोट्या ट्यूब आहेत, तिन्ही १२एएक्स७. तिथे पहिली ती खरंच पहिली आणि तिसरी फेज इन्व्हर्टर.

आकड्यांचा अर्थ

छोट्या ट्यूबच्या या घराण्यात नऊ पिना सारख्याच, पिनांची कामं सारखी, म्हणून अदलाबदल शक्य होते. डेटाशीटमध्ये प्रत्येकीचा एक ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे ती सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते तो आकडा, दिलेला असतो:

- १२एएक्स७, युरोपीय नाव ईसीसी८३: १००
- ५७५१: ७०
- १२एटी७, म्हणजे ईसीसी८१: ६०
- १२एवाय७: सुमारे ४४
- १२एयू७, म्हणजे ईसीसी८२: १७ ते २०

हा तक्ता सगळीकडे फिरतो आणि त्यावरून लोक सरळ टक्केवारी काढतात. ‘१२एटी७ लावली की गेन साठ टक्के.’ तसं होत नाही. सर्किटमध्ये बसल्यावर मिळणारा गेन ट्यूबच्या आतल्या रोधावरही अवलंबून असतो. ट्यूबच्या प्लेटला (सिग्नल बाहेर पडतो त्या भागाला) जोडलेल्या नेहमीच्या १०० किलोओहम रेझिस्टरवर हिशेब केला तर एका टप्प्याला १२एएक्स७ साधारण ६० पट गेन देते, ५७५१ साधारण ४४, १२एवाय७ साधारण ३५ आणि १२एयू७ जेमतेम १५. १२एटी७ ची तक्त्यातली जागा ५७५१ च्या खाली, पण तिचा आतला रोध बराच कमी असल्याने सर्किटमध्ये ती ५७५१ च्या बरोबरीला येते, कधी किंचित पुढेही जाते.

शिवाय १२एटी७ ला जास्त करंट हवा असतो. १२एएक्स७ साठी आखलेल्या टप्प्यात तो तिला मिळत नाही, ती अवघडून चालते. कित्येकांना त्या जागी तिचा आवाज कोरडा, ताठ वाटतो, त्याचं कारण हे. म्हणून गेन कमी करायला पहिल्या जागी १२एटी७ लावण्याचा सल्ला मी देत नाही. तिथे ५७५१ किंवा १२एवाय७.

दुसरी एक गोष्ट तक्ता सांगत नाही. एका काचेत दोन ट्रायोड असतात, म्हणजे एका ट्यूबमध्ये दोन टप्पे. डिलक्स रिव्हर्बमध्ये तुमचा सिग्नल दुसऱ्या ट्यूबच्या एका अर्ध्यातून टोन आणि व्हॉल्यूमकडे जातो आणि परत त्याच ट्यूबच्या दुसऱ्या अर्ध्यात येतो. तिथे १२एवाय७ लावली की कपात दोनदा होते. कागदावरचा हिशेब एकतृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास १० डेसिबल कमी. ५७५१ ने निम्मा राहतो, साधारण ६ डेसिबल कमी. पण फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ट्वीड बेसमनमध्ये पहिल्या ट्यूबचा एक अर्धा एका चॅनलला आणि दुसरा दुसऱ्या चॅनलला दिलेला होता. तिथे कपात एकदाच. त्या बेसमनमध्ये मुळात १२एवाय७ च होती. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच नकाशावरून जेटीएम४५ बनला तेव्हा त्या जागी ईसीसी८३ आली. मार्शल लवकर गुरगुरतो त्याला इतरही कारणं आहेत, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरची, पण हे त्यातलं एक.

सॉकेट सारखं म्हणून वाट्टेल ती ट्यूब चालत नाही. ईसीसी८८ नऊ पिनांची आहे, पण तिच्या हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी. ईएफ८६ तर पेंटोड, म्हणजे आतली रचनाच वेगळी असलेली ट्यूब आहे. १२बीएच७ बसते आणि पेटतेही, पण तिचा हीटर ६.३ व्होल्टला ६०० मिलिॲम्पियर ओढतो. १२एएक्स७ चा ३००. तो भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो. ५७५१ ओढते ३५०, तेवढं कोणताही धड ट्रान्सफॉर्मर सोसतो.

हात लावण्याआधी

चालू अँपच्या चासीत चारशे व्होल्टच्या वर डीसी असतं आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवू शकतात. आपण चासी उघडणारच नाही, त्यामुळे त्याच्याशी गाठ पडत नाही. ज्या अँपमध्ये ट्यूबपर्यंत पोचायला चासीच बाहेर काढावी लागते, तो सरळ जाणत्या टेक्निशियनकडे न्या.

स्टँडबायवर (ट्यूब तापत ठेवून फक्त आवाज बंद करणाऱ्या स्विचवर) टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे. पॉवर बंद करा, पिन भिंतीतून काढा आणि पंधरा मिनिटं चहा घ्या. छोट्या ट्यूब पॉवर ट्यूबइतक्या तापत नाहीत, पण शेजारच्या ६व्ही६ ला चुकून मनगट लागलं तर फोड येतो. स्पीकरची वायर काढली असेल तर परत लावल्याशिवाय अँप सुरू करू नका. लोडशिवाय चालवलेल्या ट्यूब अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि त्या खर्चात ट्यूबचा डबा भरून येईल.

अमेरिकेतून कुणी अँप आणला असेल तर मागची पट्टी वाचा. तिथले अँप १२० व्होल्टचे, आपल्याकडे २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, तोही अँपच्या गरजेपेक्षा ऐसपैस वॉटचा आणि अर्थिंग पुढे नेणारा. घरातल्या प्लगला खरं अर्थिंग आहे का, हेही एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक कित्येकदा शोभेपुरतं असतं. अशा घरातली घरघर कुठलीही ट्यूब बदलून जाणार नाही.

काढणं आणि बसवणं

आधी मोबाइलवर मागच्या बाजूचा एक फोटो. कुठली ट्यूब कुठे होती यावर नंतर वाद नको.

छोट्या ट्यूबवर पत्र्याचं टोपण असतं. ते सॉकेटच्या दिशेने दाबायचं, किंचित फिरवायचं, की आतल्या स्प्रिंगमुळे आपसूक सुटतं. आता काच तीन बोटांत धरा, जमेल तेवढी सॉकेटच्या जवळ. सरळ ओढायची. अडली तर अगदी छोट्या गोल हालचालीत सैल करायची. दाराच्या कडीसारखी इकडून तिकडे हलवाल तर पिना वाकतात आणि पिन जिथून काचेतून बाहेर येते तिथे बारीक तडा जाऊ शकतो. तडा गेला की आत हवा शिरते. काचेच्या आत टोकाला जो चंदेरी लेप असतो, तो दुधासारखा पांढरा पडतो. पांढरी झालेली ट्यूब मेलेली समजायची.

बसवताना नऊ पिनांच्या वर्तुळात एका ठिकाणी मोठी फट असते, पहिल्या आणि नवव्या पिनेच्या मध्ये. तीच फट सॉकेटवर शोधा. सॉकेट डोक्यावर आणि अंधारात, म्हणून टॉर्च लागतोच. नाहीतर छोटा आरसा. पिना भोकांवर टेकल्या की आधी अजिबात जोर न लावता थोडं चाचपायचं. सगळ्या नऊ जागेवर आल्याचं बोटांना कळतं. मग सरळ दाब. वाकलेली पिन दिसली तर चिमट्याने हळू सरळ करा, एकदाच. दोनदा वाकवलेली पिन तुटते. हातमोज्यांची गरज नाही. बोटांचं तेल लागून काच फुटते ही हॅलोजन बल्बची गोष्ट चुकून ट्यूबला चिकटली आहे.

टोपण परत लावा, अँप सुरू करा, मिनिटभर थांबून स्टँडबाय काढा. काही ट्यूब सुरू होताना क्षणभर बल्बसारख्या लखलखतात. हीटरची बनावटच तशी असते. घाबरून बंद करू नका. प्रीअँप ट्यूबला बायसिंग, म्हणजे करंटची जुळवणी, करावी लागत नाही, ती आपलं आपण सांभाळते. ६व्ही६ बदलल्या तर मात्र बायस तपासावाच लागतो.

एका वेळी एकच ट्यूब बदला. तीन एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

ऐकायचं कसं

इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. दोन आवाजांपैकी थोडा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. कमी गेनची ट्यूब लावली की आवाज खाली येतो आणि माणूस म्हणतो, ‘जान गेली.’ किंवा उलट. म्हणून दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी करून घ्या. मोबाइलवरचं साउंड लेव्हल मीटर एवढ्यासाठी पुरेसं आहे. मोबाइल दोन्ही वेळा एकाच जागी ठेवला म्हणजे झालं.

लूपर पेडल असेल तर फारच उत्तम. मिनिटभराचा एक तुकडा नोंदवून ठेवा: हळू छेडलेले उघडे कॉर्ड, मग तेच जोरात, मग जाड तारांवर एखादा रिफ, शेवटी वरच्या पट्टीतली लांब धरलेली एक नोट. लूपर थेट अँपला लावून तोच तुकडा दोन्ही ट्यूबवर वाजवा. म्हणजे तुमच्या हाताचा मूड हिशेबातून वगळला जातो. घरी कुणी गिटार न वाजवणारं असेल तर त्यांना ऐकवा, कोणती ट्यूब आहे ते न सांगता.

त्यानंतर मात्र स्वतः वाजवा, कारण कमी गेनच्या ट्यूबची खरी करामत लूपमध्ये कळत नाही, बोटांखाली कळते. डिलक्स रिव्हर्बच्या दुसऱ्या जागी ५७५१ लावून व्हॉल्यूम हळूहळू वाढवत न्या. १२एएक्स७ असताना हंबकर (जोरकस सिग्नलचा पिकअप) असलेल्या गिटारवर आवाज ज्या अंकाला फाटायला लागायचा, तो अंक आता पुढे सरकलेला असेल. फाटण्याची सुरुवातही एकदम होत नाही. पिक जोरात मारली तर किनार येते, हलकी मारली तर स्वच्छ. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला की आवाज साफ होतो आणि अँपचा व्हॉल्यूम नॉब पहिल्यासारखा एक-दीड अंकाच्या पट्ट्यात कोंबलेला राहत नाही, फिरवायला जागा मिळते. फ्लॅटमध्ये वाजवणाऱ्यांना हीच मोठी सोय. एरवी व्हॉल्यूम दोनवर शांतता आणि अडीचवर सोसायटीची तक्रार, असं होतं.

पुढे पेडल वापरणाऱ्यांनाही ५७५१ मानवते, ओव्हरड्राइव्ह पेडल अँपच्या पहिल्या टप्प्याला लगेच चिरडत नाही. १२एवाय७ आणखी एक पाऊल पुढे जाते: मऊ, गोलसर. सिंगल कॉइल पिकअपवर मात्र ती कित्येकांना झोपाळू वाटेल. १२एयू७ पहिल्या जागी लावू नका, अँप आजारी असल्यासारखा वाजतो.

बाकीच्या जागा

रिव्हर्बची तिसरी ट्यूब ही माझ्या मते या अँपमधली सर्वांत फायद्याची अदलाबदल. मूळच्या १२एटी७ वर रिव्हर्बचा नॉब तीनच्या पुढे गेला की विहिरीत बसून वाजवल्यासारखं होतं. तिथे १२एयू७ लावा. रिव्हर्ब उतरतो, नॉबचा पूर्ण फेरा कामाला येतो आणि मूळ आवाजाला धक्का लागत नाही. ज्यांना सर्फवाला भिजलेला रिव्हर्ब हवा त्यांनी हात लावू नये.

सहावी, फेज इन्व्हर्टर. इथे १२एटी७ च्या जागी १२एएक्स७ लावली तर पॉवर ट्यूब थोड्या लवकर ताणल्या जातात. फरक थोडाच असतो, कारण या अँपमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) आहे आणि तो असे फरक बराचसा खाऊन टाकतो. ब्लूज ज्युनिअरवाले उलट करतात, तिथल्या १२एएक्स७ च्या जागी १२एटी७. आवाजाचा आक्रस्ताळेपणा जरा कमी होतो.

पाचव्या, ट्रेमोलोच्या जागेला टोनशी देणंघेणं नाही. मात्र तिथे भरपूर गेन लागतो; कमी गेनची किंवा थकलेली ट्यूब लावली तर ट्रेमोलो बंदच पडू शकतो.

मार्शल घराण्यातल्या आणि ट्वीड बेसमनसारख्या अँपवाल्यांना एक इशारा. त्यांच्या दुसऱ्या ट्यूबमध्ये कॅथोड फॉलोअर असतो, एका अर्ध्याची प्लेट थेट दुसऱ्या अर्ध्याच्या ग्रिडला (सिग्नल आत जातो त्या भागाला) जोडलेली. तिथे १२एटी७ किंवा १२एयू७ लावली की दोन्हीकडची व्होल्टेज बिघडतात. आजच्या काही ट्यूबना त्या जागचा हीटर आणि कॅथोडमधला ताणही सोसत नाही. तिथे चांगली १२एएक्स७ च ठेवा.

खरखर, शिट्टी, टणटण

नवी ट्यूब लावल्यावर शिट्टी आली तर व्हॉल्यूम मध्यम ठेवून टोपण काढा आणि पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने काचेवर हलकेच टिचकी मारा. धातूचं काही वापरू नका. पहिल्या जागेवरची कोणतीही ट्यूब थोडीशी ‘टक’ करणारच, पुढे सगळा गेन पडलेला असतो. टिचकीनंतर घंटेसारखा घुमत राहिला किंवा शिट्टीत गेला, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, म्हणजे धक्के आणि कंपनंही आवाजात मिसळते. फेकू नका, जात जुळत असेल तर तिला मागच्या जागी पाठवा, तिथे ती गुपचूप काम करते. कॉम्बो अँपमध्ये ट्यूब स्पीकरच्या डोक्यावरच असतात, त्यामुळे लांब प्लेटच्या ट्यूब जास्त त्रास देतात. पुढच्या जागांसाठी आखूड प्लेटच्या बऱ्या.

मुंबई, कोकण, गोव्याकडच्यांनी खरखरीचा दोष लगेच ट्यूबला देऊ नये. दमट, खाऱ्या हवेत पिना आणि सॉकेटवर थर चढतो. अँप बंद करून, भिंतीतली पिन काढून, ट्यूबच्या पिनांना थोडं काँटॅक्ट क्लीनर लावा आणि ती चार-पाचदा आतबाहेर करा. वाळू द्या, मग सुरू करा. पावसाळ्यानंतर एवढं केलं तरी निम्म्या ‘खराब’ ट्यूब बऱ्या होतात.

घ्यायची कोणती

आज नव्या ट्यूब मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात: स्लोव्हाकियातली जेजे, रशियातल्या सारातोव्हचा कारखाना आणि चीन. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सॉव्हटेक, आजची टंग-सोल आणि आजची मुलार्ड ही नावं वेगळी असली तरी सारातोव्हच्याच छपराखालची आहेत. खोक्यावर मुलार्ड छापलंय म्हणजे इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा जुना माल नव्हे. जुन्या मालाच्या नादी लागणार असाल तर छपाईवर विश्वास ठेवू नका. छपाई पुसून नवी मारणं सोपं आहे. टेलिफंकनच्या तळाला पिनांच्या मधोमध काचेतच उमटवलेला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा शिक्का असतो, तो बघा.

लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजारात जुने व्हॉल्व्ह (ट्यूबचंच दुसरं नाव) अजून मिळतात, त्यात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेलेही. पण आजोबांचा मर्फी रेडिओ त्यासाठी खोलू नका. अशा रेडिओत साधारणपणे ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ असे व्हॉल्व्ह असतात. तुम्हाला हवी ती १२एएक्स७ त्यात सहसा नसते.

पहिल्या खरेदीसाठी माझी यादी छोटी आहे: एक ५७५१, एक १२एयू७ आणि एक नवी साधी १२एएक्स७. शेवटची ट्यूब टोनसाठी नाही, दोष शोधण्यासाठी. अँप कुरकुरायला लागला की ती एकेका १२एएक्स७ च्या जागी लावत जायची. ज्या जागी कुरकुर थांबेल तिथली जुनी ट्यूब दोषी. काढलेल्या ट्यूबच्या खोक्यावर अँपचं नाव, सॉकेटचा क्रमांक आणि तारीख पेनने लिहून ठेवा. काचेवर लिहू नका, गरम झाल्यावर अक्षरं उडतात.